प्रवरेच्या काठाने : काळभातापासून उसापर्यंत

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. सुमारे दोनशे किलोमीटरची ही नदी जवळजवळ सगळी अहिल्यानगर जिल्ह्यातूनच वाहते. तेवढ्या अंतरात शेती मात्र पूर्ण बदलते. वर डांगाणात, म्हणजे अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात, पावसावरचं भात, घरचं बियाणं, गोठ्यातलं खत. खाली कालव्याचं पाणी, ऊस आणि दुकानातून आलेली पोती.

पारंपरिक शेती की रासायनिक, हा वाद मी कितीतरी वर्षं वाचते आहे, दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलेला. म्हणून ठरवलं, की एका नदीच्या काठाने खाली उतरत जायचं आणि ज्यांच्या हातात खुरपं आहे त्यांच्याशीच बोलायचं. सोबत मामेभाऊ आला. त्याचा सांगलीतल्या वाळव्याकडे ऊस आहे, माती आणि खर्च दोन्ही त्याला कळतं, आणि माझं सगळंच त्याला पटतं असं नाही. म्हणूनच त्याला नेलं.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडला. त्या दिवसांत वर भाताची झोडणी उरकत आलेली असते आणि खाली ऊसतोड सुरू झालेली असते.

गुरुवार : रतनवाडी

घोटीवरून शेंडी, मग भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी. सकाळी पोहोचलो तेव्हा अमृतेश्वराच्या मंदिराचा कळससुद्धा धुक्यात होता. मंदिराचं कोरीवकाम बघायला लोक येतात आणि बघावं असंच ते आहे, पण आम्ही तिथून निघालो ते वस्तीवरच्या एका खळ्याकडे, झोडणीच्या आवाजाच्या दिशेने.

खळं शेणाने सारवलेलं. एक आजी, त्यांचा मुलगा आणि सून पेंढ्या उचलून दगडावर आपटत होते. साळ काळी कुळकुळीत. हा काळभात. टरफल काळं, आतला तांदूळ पांढरा आणि सुवासिक. आजींनी मूठभर साळ हातावर घेऊन चोळली, फुंकर मारली आणि तांदूळ माझ्या नाकापाशी धरला. कच्च्या तांदळाला इतका वास येतो हे मला माहीतच नव्हतं.

मामेभावाने थेट मुद्द्याचं विचारलं, "आजी, युरिया टाकत नाही का?"

"ह्याला? ह्याला युरिया टाकला का ह्यो पार आडवा पडतो. मंग चिखलातून काय उचलायचा? त्या तिकडच्या दोन खाचरांत दुकानाचं बी हाये, त्याला टाकतो थोडा."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. जुने गावरान भात उंच असतात. त्यांना युरियातून जास्त नत्र (नायट्रोजन) मिळालं की ताटं आणखी उंच आणि लुसलुशीत होतात, लोंबीचं वजन पेलत नाही आणि पीक लोळतं. 1966 मध्ये फिलिपाइन्समधून आयआर-8 हा बुटका भात आला, त्याचं वैशिष्ट्यच हे होतं, की भरपूर खत खाऊनही तो उभा राहायचा. म्हणजे रासायनिक खत एकटं शेतात आलं नाही, त्याच्यासाठी घडवलेलं बियाणं बरोबर घेऊन आलं. दोन्ही एकदम आले आणि घरचं बियाणं मागे पडलं. आजींच्या खाचरांत मात्र दोन्ही काळ शेजारी शेजारी उभे आहेत. दुकानाच्या बियाण्याचं उत्पन्न जास्त येतं, ते विकायला. काळभात घरी खायला, पाहुण्यांना आणि पुढच्या वर्षीच्या पेरणीला.

बियाणं निवडायचं काम आजींचं, त्यात मुलगा ढवळाढवळ करत नाही. सोंगणीच्या आधी, पीक उभं असतानाच त्या खाचरात फिरतात. बांधाच्या कडेच्या लोंब्या घेत नाहीत, कारण तिथे शेजारच्या भाताची भेसळ असू शकते. मधल्या, भरलेल्या, न लोळलेल्या ताटांच्या लोंब्या खुडायच्या, वेगळ्या वाळवायच्या, हाताने मळायच्या आणि राख मिसळून मडक्यात ठेवायच्या. भाताच्या फुलात परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे एवढी काळजी घेतली तर जात वर्षानुवर्षं शुद्ध राहते. संकरित बियाण्याचं असं होत नाही. त्याचं बी घरी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं कमीजास्त, उंचबुटकी निघतात, म्हणून दर हंगामाला दुकानाची पायरी चढावीच लागते.

जेवायला नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, घेवड्याचं कालवण आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. नागलीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या कितीतरी पट कमी. पण मी दुसरी भाकरी घेतली ती चवीसाठी. चटणीत फक्त भाजलेली खुरासणी, लसूण, मिरची, मीठ होतं, आणि त्या तेलकट, किंचित कडसर चवीपुढे आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी फिकी वाटली.

गोठ्यात डांगी गाय-बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडी तेलकट. इथल्या धो धो पावसात टिकणारी ही जात. खत तिचंच.

सगळं छान छान आहे असं मी लिहिणार नाही. भाताच्या रोपांसाठी इथे राब भाजतात. उन्हाळ्यात जमिनीवर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या पसरून जाळायच्या, मग पावसाच्या तोंडावर तिथे बी टाकायचं. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं, रोप जोमदार येतं. पण त्यासाठी ऐनाची झाडं दरवर्षी छाटली जातात, वाटेत अशी बोडकी झाडं पुष्कळ दिसली. शिवाय आजींचा मुलगा भाताचं उरकलं की नारायणगावकडे मजुरीला जातो. तिथे तो दुसऱ्यांच्या टोमॅटोवर औषधं फवारतो. घरच्या शेतीत वर्षाचं धान्य होतं, रोकड होत नाही, हे त्याने शांतपणे सांगितलं. पारंपरिक शेतीचं कौतुक करताना हे वाक्य सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी : शेंडीच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि एटीएमचा भरवसा नको, रोख पैसे जवळ ठेवा. वस्तीवर जेवायचं असेल तर सकाळीच सांगा. पहाटे कडाक्याची थंडी असते. जून ते सप्टेंबर ह्या भागात प्रचंड पाऊस पडतो. आवणी (भाताची लावणी) बघायची असेल तर जुलै, पण चिखलात उतरायची तयारी हवी.

शुक्रवार : कोंभाळणे आणि अकोले

प्रवरेच्या काठापासून जरा बाजूला, अकोले तालुक्यातच कोंभाळणे आहे. पद्मश्री राहीबाई पोपेरे ह्यांचं हे गाव. शाळेत न गेलेल्या, महादेव कोळी समाजातल्या ह्या बाईंनी बाएफ ह्या ग्रामविकासाच्या संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि 2020 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. त्या सारख्या कार्यक्रमांना जात असतात, तेव्हा भेट झालीच पाहिजे असा हट्ट धरून जाऊ नये. बघण्यासारखं तिथे ते काम आहे.

वालाचे आणि घेवड्याचे किती प्रकार असावेत! पांढरे, करडे, तांबडे, काळ्या डोळ्याचे, चपटे, फुगीर. मामेभाऊ एकेक दाणा बोटांत फिरवत बराच वेळ उभा राहिला. त्याच्या लहानपणी त्यांच्या परड्यातही असा वाल होता, तो कधी गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणाला. बियाणं असंच जातं. एक वर्ष पेरलं नाही, दुसऱ्या वर्षी उंदराने खाल्लं, तिसऱ्या वर्षी मागायला गेलो तर शेजाऱ्याकडेही संपलेलं. ज्या घरात सासूने सुनेच्या हातात मडकं दिलं, तिथेच ते टिकलं.

एक गोष्ट पुष्कळ शेतकऱ्यांना माहीत नसते. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचासुद्धा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आपल्या गावात कोणी बी देत-घेत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

जाणाऱ्यांसाठी : आधी कळवून जा. बी मागणार असाल तर पुढच्या हंगामात त्याची परतफेड करायच्या तयारीने मागा, आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायला नको.

दुपारनंतर अकोल्याहून संगमनेरच्या वाटेला लागलो. डोंगर मागे सरकले आणि तारेवर चढवलेले टोमॅटो दिसायला लागले. एका शेताच्या बांधावर चहा मिळाला, मग गप्पा झाल्या. तिशीतला शेतकरी, दोन एकर टोमॅटो, हिशेबाची वही जवळ. वहीत खताच्या खाली फवारण्यांची यादी, ती पान उलटून पुढे गेलेली. तीन-चार दिवसांनी काही ना काही फवारावंच लागतं असं तो म्हणाला.

बांधावर रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर चौकोनात त्रिकोण असतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याला रंगांचा अर्थ पक्का ठाऊक होता. फवारणी करणाऱ्या मजुराला नव्हता. त्याच्या नाकाला रुमाल होता, हात उघडे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यांतले पुष्कळजण असेच पुरेशा संरक्षणाशिवाय फवारत होते. त्या मजुराला मी बाटलीवरचा त्रिकोण दाखवला. त्याने लक्षपूर्वक पाहिला आणि पंप पुन्हा पाठीवर घेतला. दिवसाची हजेरी भरायची होती.

2020 मध्ये ह्या पट्ट्यात टोमॅटोवर विषाणूचा रोग आला होता. फळं नीट पिकेनात, एकाच फळावर दोन-तीन रंग, म्हणून शेतकरी त्याला 'तिरंगा' म्हणायचे. फडच्या फड उपटून टाकावे लागले. शिवारभर मोजक्याच वाणांची एकसारखी लागवड असली, की आलेला रोग थांबायला जागाच सापडत नाही. आदल्या दिवशी एकाच घरात दोन तऱ्हेचे भात बघून आलो होतो, म्हणून हा फरक जास्तच जाणवला.

शनिवार : ओझरपासून लोणी

संगमनेरच्या खाली ओझरला बंधारा आहे. इथून प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे फुटतात. वर भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि ह्या कोरड्या मुलखाचं नशीब पालटलं. बंधाऱ्याच्या पुढे कालव्याच्या कडेने जात राहिलं की दोन्ही हातांना ऊसच ऊस. ह्याच भागात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. शाळा, दवाखाने, पक्की घरं, शिकलेल्या मुली, हे सगळं उसाच्या पैशातून झालं. रासायनिक शेतीवर बोलताना हेही डोळ्यांआड करू नये.

एका फडात तोड चालू होती. कोयत्यांचा आवाज, बैलगाड्या, पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, निजवलेलं तान्हं मूल. फडाचे मालक साठीचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. आम्ही आलो कशासाठी हे कळल्यावर अण्णांनी घरातून जमिनीची आरोग्य पत्रिका आणून हातात दिली. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन) 0.38 टक्के, शेरा 'कमी'. सामू (पीएच) 8.4, म्हणजे माती अल्कधर्मी.

"माझ्या वडिलांच्या वेळी ह्या रानात नांगर चालवला की मागे बगळे यायचे. गांडुळं खायला. आता कोणी येत नाही."

मामेभावाने खुरप्याने माती उकरली. वरचा थर ढेकळांचा, वीतभर खाली दगडासारखा कठीण. एकही गांडूळ नाही. फडाच्या खालच्या अंगाला मिठासारखे पांढरे डाग होते. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं पाटाने मोकाट दिलं आणि निचरा झाला नाही, की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडून गेलं की वरच राहतात. ह्यात खताइतकाच पाण्याचा दोष आहे, हे अण्णांनीच सांगितलं.

मग त्या दोघांत हिशेब सुरू झाला आणि मी वही काढली. दीड वर्षाच्या, आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे एकरी 160 किलो. युरियात 46 टक्के नत्र. नुसत्या युरियातून द्यायचं तर 45 किलोची आठ पोती, अनुदानाच्या दराने 266 रुपये 50 पैसे पोतं, म्हणजे साधारण 2,130 रुपये. हेच नत्र शेणखतातून द्यायचं तर? चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, टनाला 5 किलो. एकराला 32 टन. एका देशी गाईचं वर्षाचं कुजलेलं खत दीड-दोन टन धरलं तर एक एकर उसामागे सोळा ते एकवीस गाई.

"आता सांग ताई," मामेभाऊ म्हणाला, "ऊस सेंद्रिय करा म्हणणं सोपं आहे."

मुद्दा बिनतोड होता. युरियाच्या जागी शेण ठेवायचं आणि बाकी सगळं तसंच चालू ठेवायचं, हे गणित बसत नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली, हेही त्याने बोलून दाखवलं. जीवामृताचंही तेच. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. त्यातून जिवाणूंना चालना मिळते, पण उसाची भूक भागेल एवढं नत्र त्यात असणं शक्य नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू अण्णांनी मांडली. टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून अधिक नत्र पुष्कळदा पिकाला मिळतच नाही. अशा चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत बरंचसं अमोनिया होऊन उडतं, उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. कर्ब घटला की मातीची धरून ठेवायची ताकद जाते, म्हणून पुढच्या वर्षी आणखी एक पोतं. पाला लुसलुशीत झाला की मावा (रस शोषणारी कीड) येतो, मग औषध. "स्वस्त आहे म्हणून जास्त पडतं," अण्णा म्हणाले, "आणि जास्त पडलं म्हणून रान मागतच राहतं."

मला दिवसभरात ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाटलं. वर आजींच्या घरात बी, खत, औजार, निर्णय सगळं एका छपराखाली होतं, पैसा नव्हता. इथे पैसा आहे, पण काय पेरायचं आणि किती टाकायचं हे ठरवायची मोकळीक अण्णांना उरलेली नाही. उसाचा दर ठरलेला, गाडी फडात येते, पैसे खात्यात पडतात. इतकी खात्री नागलीला किंवा हरभऱ्याला कोणी देत नाही, तोवर ते ऊस सोडणार नाहीत, आणि त्यांना दोष देणं मला जमणार नाही.

जाणाऱ्यांसाठी : तोडीच्या हंगामात ह्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रेल्वेने येणार असाल तर श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव 'बेलापूर' आहे, तिकीट काढताना नवी मुंबईच्या बेलापूरशी गल्लत करू नका.

रविवार : नेवासे

सकाळी ज्ञानेश्वर मंदिरात पैस खांबाचं दर्शन घेतलं. गर्दी कमी होती, प्रवरेवरून गार वारा येत होता.

नंतर गावाबाहेर एका जोडप्याकडे गेलो; त्यांचा पत्ता अण्णांनीच दिला होता. पाच एकरांपैकी साडेतीन एकर ऊस नेहमीसारखा, दीड एकरात मात्र काही वर्षांपासून रासायनिक काहीच नाही. सगळं रान एकदम बदललं असतं तर घर चाललं नसतं, काकूंनी आधीच सांगून टाकलं. पहिल्या वर्षांत गहू निम्म्यावर आला होता, सासरे बोलायचे, शेजारी हसायचे.

त्या दीड एकरात पावसाळ्याच्या सुरुवातीला ताग. पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर आला की गाडून टाकायचा. ताग द्विदल, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, ते मातीला मिळतं. रब्बीला अर्ध्यात हरभरा, अर्ध्यात बन्सी गहू, पुढच्या वर्षी अदलाबदल. म्हणजे काल बिनतोड वाटलेल्या गणिताला इथे एक उत्तर होतं : नत्र गाईकडूनच आलं पाहिजे असं नाही, पीकच बदलतं ठेवायचं.

काकूंनी मला हरभऱ्याचं रोप उपटून दाखवलं. मुळांवर बारीक गाठी. एक नखाने फोडली, आतून गुलाबी निघाली. "गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी, हिरवी असली तर नुसती बसून आहे." शेजारच्या सरीतली माती हातात घेतली तर ती भुसभुशीत, आणि तिच्यात दोन गांडुळं होती. मामेभाऊ काही बोलला नाही, पण वाकून त्याने आणखी दोन ठिकाणी उकरून पाहिलं.

विकायचं कसं? हाच अवघड भाग. सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी वार्षिक पिकांना दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ लागतो आणि एकट्या छोट्या शेतकऱ्याला ती तपासणी महाग पडते. म्हणून त्यांनी पीजीएस पद्धतीच्या गटात नाव घातलं आहे, जिथे शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. तरी बाजार समितीत त्यांचा गहू बाकीच्यांच्या ढिगातच जातो. नगरमधली काही कुटुंबं वर्षाचं धान्य थेट घेतात, त्यावर हे चाललं आहे. शहरात राहणाऱ्या माझ्यासारखीने ह्यात काय करायचं हे मला तिथेच कळलं, आणि पुढच्या वर्षीचा आमच्या घरचा गहू मी सांगून आले.

जेवताना उसाचा विषय निघालाच. काका खोडव्याचं, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसातलं, पाचट जाळत नाहीत. एक आड एक सरीत दाबून त्यावर सुपर फॉस्फेट, पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक आणि थोडा युरिया टाकतात. पाचट कुजवताना जिवाणूंना नत्र लागतं, ते बाहेरून दिलं नाही तर ते उसाच्या वाट्याचं घेतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते जळून धूर होण्याऐवजी मातीत जातं. "हे पूर्ण सेंद्रिय नाही," काका म्हणाले, "पण पेटवण्यापेक्षा चांगलं."

मामेभावाने तागाचं बी एकरी किती लागतं ते लिहून घेतलं (वीस-पंचवीस किलो), आणि संवर्धक किती दिवस टिकतं, पाचट दाबल्यावर पाणी ठिबकने दिलं तर चालेल का, अशा प्रश्नांची फैर झाडली. संध्याकाळी प्रवरासंगमच्या पुलावर गाडी थांबवली, पलीकडे गोदावरी आणि जायकवाडीचं पसरलेलं पाणी, तेव्हाही तो फोनवर घरी सांगत होता, की फेब्रुवारीत आपली तोड झाली की बांधाकडच्या एक एकराला काडी लावू नका. मार्चमध्ये वाळव्याला जाऊन ते पाचट कसं कुजतंय हे बघायचं मी ठरवलं आहे.